अवजार कुणाचे?

श्रोतेहो, आपल्या खानदेशात विणकराचा माग त्याच्या घरात असे. जळगावच्या खानदेश मिलमध्ये नि धुळ्याच्या न्यू प्रताप मिलमध्ये यंत्र मालकाचे, म्हणून अटीही मालकाच्या. संगणकावरचे खेळ रचणाऱ्या कारागिरापुढे आज तोच प्रश्न आहे.

ठोकळ्यांच्या जगाचा ‘माइनक्राफ्ट’ २००९ साली लोकांपुढे आला, तो तयार इंजिनावाचून, जावा भाषेत. अशा खेळात जगाचे लहान भाग पाडून ठोकळ्यांच्या उघड्या बाजूच तेवढ्या रंगवायच्या असतात. इंजिन कोणतेही घ्या, ही युक्ती बहुधा कारागिरालाच बसवावी लागते. मग निवड कशावर करावी?

‘अनरियल’ १० लाख डॉलरपुढील उत्पन्नावर साधारणतः ५ टक्के घेते. ‘युनिटी’ने सप्टेंबर २०२३ मध्ये, ठरावीक मर्यादेपुढे, खेळ नव्याने बसवला जाईल तितक्या वेळा आकार लावण्याचे जाहीर केले. कारागीर खवळले, २०२४ मध्ये तो आकार रद्द झाला. ‘गोडो’ २०१४ पासून सर्वांना खुले आहे. त्याच्याजवळ तयार साहित्य युनिटीइतके नाही, हे खरे. पण त्याची मूळ संहिता कुणीही घ्यावी, बदलावी.

वेग आणि सोय जरूर तोलावी. पण करारपत्र आधी वाचावे. एकजुटीने जाचक अट मागे घ्यायला लावता येते. माग स्वतःचा असला, तर ती लादणाराच उरत नाही.