प्राचीन ग्रीक वैद्यक: देवाच्या कोपापासून रुग्णाच्या नोंदीपर्यंत

प्राचीन ग्रीसमध्ये आजारी माणसापुढे दोन मुख्य वाटा असत. एक अस्क्लेपिअस या आरोग्यदेवतेच्या मंदिराची. एपिडॉरस येथील मंदिरात रुग्ण रात्री झोपत. देव स्वप्नात येऊन बरे करतो किंवा उपाय सांगतो, अशी श्रद्धा होती. दुसरी वाट वैद्याची. यातले अनेक वैद्य गावोगाव फिरून उपचार करत. इ.स.पू. पाचव्या शतकात काही वैद्य रोगाची कारणे शरीर, आहार, हवा आणि पाणी यांत शोधू लागले.

हिप्पोक्रेटिसची परंपरा

या वैद्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध हिप्पोक्रेटिस. त्याचा जन्म इ.स.पू. ४६० च्या सुमारास कॉस बेटावर झाला. त्याच्या नावावर सुमारे ६० ग्रंथ आहेत, मात्र ते अनेकांनी लिहिलेले आहेत. अपस्माराला (फेफऱ्याला) तेव्हा 'पवित्र रोग' म्हणत. हा रोग इतर रोगांहून अधिक पवित्र नाही, त्याचे मूळ मेंदूत आहे, असे यांपैकी एका ग्रंथात ठामपणे मांडले आहे.

'एपिडेमिक्स' या ग्रंथाच्या पहिल्या आणि तिसऱ्या भागांत ४२ रुग्णांच्या नोंदी आहेत. तटबंदीजवळ राहणाऱ्या फिलिस्कसचा ताप, लघवीचा रंग आणि थांबून थांबून चालणारा श्वास दिवसागणिक टिपला आहे. सहाव्या दिवशी तो दगावला. ४२ पैकी निम्म्याहून अधिक रुग्ण वाचले नाहीत आणि वैद्याने ते लपवले नाही.

त्यांचा सिद्धांत मात्र चुकीचा होता. रक्त, कफ, पिवळे पित्त आणि काळे पित्त या चार द्रवांचा तोल बिघडला की रोग होतो, असे ते मानत.

गॅलेन आणि ग्रंथप्रामाण्य

इ.स.पू. तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात हेरोफिलसने मानवी शवांचे विच्छेदन केले आणि बुद्धीचे स्थान मेंदूत असल्याचे सांगितले. पुढे गॅलेनच्या (जन्म इ.स. १२९) काळी ही प्रथा उरली नव्हती. त्याने माकडे, डुकरे यांचे विच्छेदन करून मानवी शरीराविषयी अनुमाने काढली. हृदयाच्या मधल्या पडद्यातील सूक्ष्म छिद्रांतून रक्त पलीकडे जाते, हे त्यांपैकी एक. प्रत्यक्षात अशी छिद्रे नसतात.

स्वतःच्या डोळ्यांनी पाहा, असे गॅलेन सांगत असे. नंतरच्या पिढ्यांनी मात्र त्याचे ग्रंथच प्रमाण मानले. त्याच्या शरीररचनेतील चुका १५४३ मध्ये वेसॅलिअसने दाखवल्या, तर १६२८ मध्ये हार्वेने रक्ताभिसरण सिद्ध केले.

आजचा वारसा

नवव्या शतकात बगदादमध्ये गॅलेनचे ग्रंथ अरबीत आले. तीच परंपरा पुढे भारतात 'युनानी', म्हणजे ग्रीक, या नावाने रुजली. आधुनिक वैद्यकाने चार द्रवांचा सिद्धांत सोडला. रुग्णाच्या खाटेजवळ रोजचा ताप, नाडी आणि श्वास टिपण्याची पद्धत मात्र आजही चालू आहे.