उपकार, हक्क आणि दान : ठाणे जिल्ह्यातील वेठबिगारीच्या इतिहासावरून

मुरबाड तालुक्यातील म्हसा हे गाव पौष पौर्णिमेच्या यात्रेसाठी आणि तेथील गुरांच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे. ज्या ठाणे जिल्ह्यात हा बाजार भरतो, तेथे माणसाच्या श्रमाचे मोल मात्र दीर्घकाळ सावकाराच्या वहीत ठरत असे. गरजूंना साहाय्य करणे हे शासनाचे कर्तव्य की व्यक्तीचे, या प्रश्नाचा विचार करताना हा इतिहास दृष्टीआड करता येत नाही.

१९३७ साली मुंबई सरकारने आदिवासींच्या स्थितीची चौकशी डी. सिमिंग्टन या अधिकाऱ्याकडे सोपविली. त्यांच्या अहवालात 'लग्नगडी' प्रथेचे वर्णन आढळते. लग्नासाठी जमीनदाराकडून कर्ज घ्यावे आणि त्यापोटी त्याच्याकडे राबावे, अशी ही प्रथा होती. पत्नीलाही त्यातून सुटका नसे. पावसाळ्यात घरातील धान्य संपले म्हणजे खावटीसाठी पुन्हा त्याच दारी जावे लागे. वरवर पाहता अडीअडचणीला धावून येणारा तो जमीनदारच होता. परंतु घेणाऱ्याला कोणताच हक्क नसल्यामुळे त्या मदतीची बेडी झाली.

संविधानाच्या २३ व्या अनुच्छेदाने वेठबिगारीस मनाई केली. १९७६ च्या कायद्याने वेठबिगारांची कर्जेही रद्द ठरविली. तथापि केवळ कायदा झाल्याने कोणी मुक्त झाले नाही. आज पालघर जिल्ह्यात असलेल्या वसई तालुक्यात विवेक व विद्युल्लता पंडित यांनी १९८२ साली श्रमजीवी संघटना उभी केली आणि वेठबिगारांच्या मुक्तीचा लढा दिला. कायदा शासनाचा होता. तो झोपडीपर्यंत नेणारी माणसे समाजातून पुढे आली.

रोजगार हमी योजनेचा इतिहासही असाच बोधप्रद आहे. १९७२ च्या दुष्काळात तिचा विस्तार झाला, १९७७ साली कायदा संमत झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. मागेल त्याला काम हा हक्क ठरला. या योजनेच्या खर्चासाठी १९७५ साली व्यवसाय कर बसविण्यात आला. शहरातील नोकरदाराच्या पगारातील अंश अशा रीतीने खेड्यातील मजुराच्या मजुरीस हातभार लावू लागला. देणाऱ्याला घेणाऱ्याचे नाव ठाऊक नव्हते. म्हणून घेणाऱ्यालाही कोणाचे मिंधे व्हावे लागले नाही.

भगवान बुद्धांच्या उपदेशात या दोन्ही बाजू आहेत. कूटदन्त सुत्तात राजाने शेतकऱ्यास बी-बियाणे, व्यापाऱ्यास भांडवल व सेवकास वेतन द्यावे, असा सल्ला आहे. चक्कवत्ती-सीहनाद सुत्तात निर्धनांना धन न दिल्याने दारिद्र्य आणि दारिद्र्यातून चोरी वाढल्याचे सांगितले आहे. सिगालोवाद सुत्त मात्र गृहस्थाशी बोलते: सेवकास झेपेल तेवढेच काम, योग्य अन्न व वेतन आणि आजारपणात शुश्रूषा ही मालकाची कर्तव्ये होत.

आजही ठाणे जिल्ह्यातील कातकरी कुटुंबे उचल घेऊन वीटभट्ट्यांवर जातात. अशा कुटुंबास धान्य देणे हे दान खरेच. त्याच्या शिधापत्रिकेसाठी व जातीच्या दाखल्यासाठी तहसील कचेरीत त्याच्यासोबत उभे राहणे, उचलीचा हिशेब त्याला वाचून दाखविणे, हेही दानच आहे. शासनाने हक्क द्यावा आणि उपासकाने तो हक्कदाराच्या हाती पडेपर्यंत स्वस्थ बसू नये, हाच या इतिहासाचा बोध आहे.