उपग्रह दूरचित्रवाणीचे सामाईक ग्रहण : बारामती व इंदापूर

भूस्थिर उपग्रहाकडून येणारे दूरचित्रवाणीचे संकेत एकाच आकाशकाने ग्रहण करून ते अनेक खोल्यांतील, अनेक घरांतील किंवा एखाद्या निवासी वाहनाच्या निरनिराळ्या कक्षांतील संचांना पुरविण्याच्या पद्धतीस सामाईक ग्रहण म्हणतात. पुणे जिल्ह्याच्या आग्नेय भागातील बारामती व इंदापूर या तालुक्यांत या पद्धतीची जवळजवळ सर्व रूपे चार दशकांच्या अवधीत येऊन गेली. एक तबकडी किती जणांना पुरते, हा प्रश्न तांत्रिक वाटला, तरी प्रत्येक खोलीतील माणसास स्वतःचा कार्यक्रम निवडता येतो की नाही, हा त्यामागील खरा प्रश्न होता.

उपग्रहाशी या जिल्ह्याचा संबंध जुना आहे. जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळील आर्वी येथे विसाव्या शतकाच्या आठव्या दशकाच्या प्रारंभी भारताचे पहिले व्यापारी उपग्रह-संदेशवहन केंद्र सुरू झाले. विक्रम साराभाई यांचे नाव दिलेल्या या केंद्राचा आकाशक सु. ३० मी. व्यासाचा होता व तो हिंदी महासागरावरील इंटेलसॅट उपग्रहाशी जोडलेला होता. त्याचा उपयोग मुख्यतः परदेशी दूरध्वनी व तारसंदेश यांसाठी होई. जिल्ह्यातील शेतकऱ्याच्या घरी त्यातून काही येणार नव्हते.

खेड्यांना थेट उपग्रहावरून कार्यक्रम दाखविण्याचा पहिला मोठा प्रयोग १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात झाला. अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहाच्या साह्याने भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने सहा राज्यांतील सु. २,४०० खेड्यांत सामुदायिक संच बसविले. त्यांचे सु. ३ मी. व्यासाचे आकाशक कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तशा तारेच्या जाळीचे होते. ती राज्ये आंध्र प्रदेश, ओरिसा, कर्नाटक, बिहार, मध्य प्रदेश व राजस्थान ही होत. महाराष्ट्राचा त्यांत समावेश नव्हता. या प्रयोगात संच एक व प्रेक्षक सारे गाव, त्यामुळे निवडीचा प्रश्न उद्‌भवलाच नाही.

बारामती भागास दूरचित्रवाणी मिळण्याचा मार्ग जमिनीवरूनच होता. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले व १९७३ मध्ये सिंहगडावरील सहप्रक्षेपकाने त्याचे कार्यक्रम पुणे परिसरास मिळू लागले. सिंहगडापासून बारामती सरळ रेषेत सु. ९० किमी. व इंदापूर सु. १३५ किमी. आहे. गडाची उंची भरपूर असली, तरी पृथ्वीच्या वक्रतेमुळे बारामती या प्रक्षेपणाच्या कडेला येते, तर इंदापूर जवळजवळ क्षितिजाखाली जाते. अशा ठिकाणी उंच नळीवर बहुशाखी आकाशक चढवून व त्यास विवर्धक जोडून चित्र मिळविण्याची धडपड करावी लागते. ऑगस्ट १९८३ मध्ये सोडलेल्या इन्सॅट-१बी या उपग्रहानंतर देशभर लघुशक्ती प्रक्षेपकांचे जाळे वेगाने पसरले. हे प्रक्षेपक उपग्रहावरून कार्यक्रम घेत व आसपास पुन्हा प्रक्षेपित करीत. इन्सॅटवरून थेट ग्रहण करणारे सामुदायिक संचही काही राज्यांत बसविण्यात आले. महाराष्ट्रात त्यासाठी विदर्भातील क्षेत्र निवडले होते. योगायोग असा, की इन्सॅट-१बीचे स्थान ७४° पूर्व रेखांशावर, म्हणजे बारामतीच्या (सु. ७४·६° पूर्व) जवळजवळ माथ्यावरील रेखावृत्तावरच होते. बारामतीहून त्याच्याकडे रोखलेली तबकडी ठीक दक्षिणेस तोंड करून क्षितिजापासून सु. ६९° वर उचलावी लागली असती.

खरे सामाईक ग्रहण केबलने आणले. एप्रिल १९९० मध्ये सोडलेल्या एशियासॅट-१ या उपग्रहावरून १९९१ मध्ये स्टार टीव्हीचे व २ ऑक्टोबर १९९२ पासून झी टीव्हीचे कार्यक्रम येऊ लागले. हा उपग्रह १०५·५° पूर्व रेखांशावर होता. बारामतीहून तो आग्नेय दिशेच्याही पूर्वेकडे, सु. ४९° उंचीवर येई. त्याच्या सी पट्ट्यातील क्षीण संकेतांसाठी कित्येक मीटर व्यासाची अन्वस्ताकार तबकडी लागे व ती एकेका कुटुंबास परवडणारी नव्हती. म्हणून गच्चीवर तबकडी बसवून आळीतील घरांपर्यंत समाक्ष केबल ओढणारा व्यावसायिक पुढे आला. १९९५ च्या केबल दूरचित्रवाणी जाळे (विनियमन) अधिनियमाने त्यास मुख्य डाकघरात नोंदणी करणे व दूरदर्शनच्या वाहिन्या दाखविणे बंधनकारक केले.

या व्यवस्थेचा एक गुण पुरेसा ओळखला गेलेला नाही. केबलचालक प्रत्येक वाहिनी आपल्या केंद्रातच उलगडून तिला वेगळी कंप्रता देई व सर्व वाहिन्या एकाच तारेवरून एकदम पाठवी. निवडीचे काम घरातील संचच करी. त्यामुळे आत आलेली तार साध्या विभाजकाने दोन-तीन खोल्यांत नेली, तरी माजघरात मराठी मालिका व ओसरीवर क्रिकेटचा सामना एकाच वेळी पाहता येई. त्यासाठी वेगळी पेटी लागत नसे. ऑगस्ट १९९९ मध्ये अल्फा मराठी व २००० मध्ये ई-टीव्ही मराठी या खाजगी मराठी वाहिन्या निघाल्या, तेव्हा त्या तालुक्याच्या गावांत पोहोचल्या त्या याच तारेवरून. अंकीय केबलच्या सक्तीने हे सुख संपले. नगरपालिका क्षेत्रांसाठी २०१५ अखेर व ग्रामीण भागासाठी त्यानंतर ठरलेली मुदत वाढत जाऊन ही सक्ती २०१७ मध्ये पूर्ण झाली. सांकेतिक संकेत उलगडण्यासाठी प्रत्येक संचास स्वतंत्र पेटी आवश्यक झाली. चित्र सुधारले हे खरे, पण दुसऱ्या खोलीतील संचाची किंमत ग्राहकाच्या माथी आली.

केयू पट्ट्यातील थेट ग्रहणास १६ जुलै १९९७ च्या अधिसूचनेने भारतात बंदी होती. ती २००० मध्ये उठून मार्च २००१ मध्ये परवान्याचे नियम ठरले. २००३ मध्ये डिश टीव्ही, १६ डिसेंबर २००४ रोजी दूरदर्शनची निःशुल्क डीडी डायरेक्ट प्लस (पुढे डीडी फ्री डिश) व ऑगस्ट २००६ मध्ये टाटा स्काय या सेवा सुरू झाल्या. आता सु. ६० सेंमी. व्यासाची तबकडी पुरू लागली व ती ऊसपट्ट्यातील वस्त्यांवरही दिसू लागली. केबलची तार न पोहोचणाऱ्या विखुरलेल्या वस्त्यांस ही सोय अधिक मानवली.

मात्र या तबकडीची तार केबलसारखी फोडता येत नाही. तबकडीच्या नाभीशी असलेला ग्राहक-विवर्धक उपग्रहाची १० ते १२ गिगॅहर्ट्‌झ कंप्रता उतरवून सु. ९५० ते २,१५० मेगॅहर्ट्‌झपर्यंत आणतो. कोणते ध्रुवण घ्यावयाचे, हे पेटीच त्याला तारेवरून कळविते : १३ व्होल्ट दिले तर उभे, १८ व्होल्ट दिले तर आडवे. पट्ट्याचा वरचा भाग हवा असेल, तर २२ किलोहर्ट्‌झचा सूर त्याच तारेवर चढविला जातो. एका तारेवर दोन पेट्या जोडल्या व त्यांनी निरनिराळी ध्रुवणे मागितली, तर एकीच्या पडद्यावर अंधार होतो. साधा विभाजक लावून झालेला हा अनुभव अनेक घरांत पेटीचा दोष समजला गेला. यावर उपाय दोन : दोन वा चार स्वतंत्र मुखे असलेला ग्राहक-विवर्धक वापरणे, किंवा चारही उपपट्टे सतत घेऊन ते मागणीप्रमाणे वाटणारी बहुमार्गी कळ बसविणे. एकाच पेटीचे चित्र सर्व खोल्यांत नेणे हा स्वस्त मार्ग आहे, पण त्यात सर्वांना एकच कार्यक्रम पाहावा लागतो. खाजगी सेवांत प्रत्येक जादा पेटीवर शुल्क असते. २०२० मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने दुसऱ्या संचासाठीचे जाळे-शुल्क पहिल्याच्या ४० टक्क्यांपर्यंत मर्यादित केले व २०२४ मध्ये ही शुल्कमर्यादा काढून टाकली. फ्री डिशला मासिक शुल्कच नसल्याने अनेक खोल्यांच्या घरास तीच सर्वांत स्वस्त पडते.

निवासी वाहनात हीच जुळणी अधिक अडचणीची होते. तारा आखूड असल्याने संकेताचा ऱ्हास नगण्य असतो व चार मुखांच्या ग्राहक-विवर्धकाने तीन-चार कक्षांची गरज सहज भागते. अडचण तबकडी रोखण्याची असते. बारामतीहून ९३·५° पूर्वेवरील फ्री डिशचा उपग्रह दक्षिणेपासून सु. ४८° पूर्वेकडे व सु. ६०° उंचीवर दिसतो. वाहन वळले की हे गणित बिघडते. थांबलेल्या वाहनात छतावरील यंत्रणा उपग्रह स्वतः शोधून स्थिर होते. चालत्या वाहनात घुमटाखालील आकाशकास घूर्णदर्शीच्या आधारे सतत फिरत राहावे लागते. अमेरिकेत १९९४ मध्ये सुरू झालेल्या डायरेक्टीव्ही सेवेने वर्तुळाकार ध्रुवण वापरल्याने तेथील वाहनांचे काम सोपे झाले. भारतात रेषीय ध्रुवण असल्याने नाभीवरील विवर्धकही योग्य कोनात वळवावा लागतो. वरील उपग्रहासाठी बारामतीस हा कल भूमितीने सु. ४५° येतो.

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. त्याआधी अनेक कक्षांचे वाहन म्हटले, की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे चित्रीकरणस्थळीच्या कलावंतांची व्हॅनिटी व्हॅन येई. तबकडी वाहून नेणारे वाहन मात्र या दोन तालुक्यांना वेगळ्याच निमित्ताने परिचित आहे. संत तुकाराम महाराजांची पालखी देहूहून पंढरपूरला जाताना बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर व सराटी या मुक्कामांवरून जाते. बेलवाडी व इंदापूर येथे रिंगण होते. मराठी वृत्तवाहिन्या २००७ पासून सुरू झाल्यावर त्यांची प्रक्षेपक वाहने या वाटेवर दिसू लागली. त्यांच्या तबकड्या संकेत घेत नाहीत, तर वर पाठवितात. दिशा व उंची यांचा नियम मात्र तोच असतो. अलीकडे हे काम भ्रमणध्वनीच्या अनेक जोडण्या एकत्र करणाऱ्या छोट्या पेट्यांनीही होते.

भिगवणजवळ उजनी जलाशयाच्या काठी पक्षी पाहण्यासाठी वाहन उभे करणाऱ्या प्रवाशास हा उंचीचा नियम एका बाबतीत अनुकूल आहे. ६०° वरील उपग्रहास टेकडी वा शेजारची इमारत सहसा आड येत नाही. आड येते ते झाड. सावलीत उभ्या केलेल्या वाहनाच्या छतावर तबकडी काम करीत नाही. अशा वेळी ती तिवईवर बसवून, लांब समाक्ष तारेने वाहनास जोडून, मोकळ्या जागी ठेवावी लागते. पावसाळ्यात मुसळधार सरीने केयू पट्ट्यातील संकेत काही काळ लुप्त होतात. त्यावर थोडी मोठी तबकडी वापरणे, एवढाच उपाय आहे.