बाळाच्या तोंडातला पहिला थेंब

सेनगावात एप्रिल-मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. अशा दुपारी तान्हं बाळ रडायला लागलं की घरातली कुणीतरी आजी विचारते, "अगं, त्याला पाणी पाजलं का?" आशाताई सांगते, सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नाही, पाणीसुद्धा नाही. आजी म्हणते, आम्ही काय लेकरं वाढवली नाहीत? आणि मधे बसलेली बाळाची आई दोघींकडे बघत राहते.

विज्ञानाचं उत्तर सोपं आहे. आईच्या दुधात सुमारे 88 टक्के पाणीच असतं. पोटभर दूध मिळणाऱ्या बाळाला सहा महिन्यांच्या आत, ऐन उन्हाळ्यातही, वेगळं पाणी लागत नाही. उलट इवल्याशा पोटात पाणी गेलं की दुधाची जागा जाते, आणि पाणी स्वच्छ नसेल तर जुलाब. पण मला त्या आजीचं म्हणणंही उडवून लावावंसं वाटत नाही, कारण 'सहा महिने' हा नियम तसा नवा आहे. जागतिक आरोग्य सभेने तो 2001 साली स्वीकारला. त्याआधीचा सल्ला चार ते सहा महिन्यांचा होता. माझ्या वयाचे, म्हणजे नव्वदच्या दशकात जन्मलेले आपण बहुतेक जण त्या जुन्या सल्ल्यावर वाढलो.

मग मी मागे मागे जात वाचत गेलो. बाळाला आईच्या दुधाऐवजी काय काय पाजलं गेलं, हे शोधता शोधता मला बाळापेक्षा आईचाच इतिहास जास्त सापडला.

सुरुवात गिरणगावापासून करू. शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरण्यांत हजारो बायका काम करायच्या. बाळंतपणाची भरपगारी रजा नव्हती. दिवसभर बाळ खोलीवर कुणाच्या तरी भरवशावर. ते रडू नये, झोपून राहावं म्हणून त्याला 'बाळागोळी' दिली जायची. नाव गोड, पण आत अफू. 1922 साली गिरणीतल्या स्त्रियांची पाहणी करणाऱ्या डॉ. बार्न्स यांनी नोंदवलं की या बायकांच्या 98 टक्के बाळांना अफू दिली जात होती. अफूने बाळ झोपतं आणि त्याची भूकही झोपते. त्याच काळात, 1921 साली, मुंबईतल्या बालमृत्यूचा नोंदलेला दर हजारी सहाशेच्या वर होता. अनेक जन्मांची नोंदच होत नसल्यामुळे हा आकडा फुगलेला होता, हे खरं. तरी त्यातला थोडा भाग वजा केला, तरी उरतं ते भयानकच आहे.

या बायका अडाणी होत्या म्हणून अफू देत होत्या, असं म्हणणं सोपं आहे. पण त्यांच्याकडे दुसरा पर्याय काय होता? बाळाला दर दोन-तीन तासांनी दूध लागतं आणि गिरणीचा भोंगा बाळाच्या भुकेवर वाजत नाही.

1928 साली मुंबईच्या कायदेमंडळात प्रसूती लाभाचं विधेयक आलं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. आईला विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे आणि त्याचा भार मुख्यतः सरकारने उचलायला हवा, अशी त्यांची मांडणी होती. 1929 साली कायदा झाला, भारतातला अशा प्रकारचा पहिला. सेनगाव मात्र तेव्हा मुंबई इलाख्यात नव्हतंच. ते निझामाच्या हैदराबाद संस्थानात, परभणी जिल्ह्यात होतं. आणि कायदा होता कारखान्यातल्या बायकांसाठी, शेतातल्या नव्हे.

आपल्या घरांत अफूपेक्षा ओळखीची गोष्ट म्हणजे बाळगुटी. वेखंड, मुरुडशेंग, हळकुंड, जायफळ, बाळहिरडा, खारीक, बदाम. सहाणेवर कशाचा एक वळसा, कशाचे दोन. आजीचं मोजमाप ग्रॅममध्ये नाही, वळशांत. यात माया आहे आणि बाळाच्या अंगावर रोज एका जाणत्या बाईची नजर फिरते, हेही आहे. पण जायफळाने गुंगी येते, सहाण आणि पाणी दोन्ही निर्जंतुक नसतात आणि चाटवलेल्या मधातून एक वर्षाच्या आतल्या बाळाला बोट्युलिझम नावाचा दुर्मिळ पण घातक आजार होऊ शकतो. म्हणून बालरोगतज्ज्ञ गुटी नको म्हणतात आणि वर्षभर मध तर अजिबात नको.

गुटीच्या शेजारी फळीवर ग्राइप वॉटरची बाटली असते. ते विल्यम वुडवर्ड या औषधविक्रेत्याने 1851 मध्ये इंग्लंडच्या नॉटिंगहॅममध्ये बनवलं. मूळ कृतीत शेपूचं तेल, खाण्याचा सोडा, साखर आणि चक्क अल्कोहोल होतं. बाळं शांत व्हायची यात नवल काय! अल्कोहोल पुढे काढलं गेलं, बाटलीवरचा विश्वास मात्र राहिला. बाळागोळी काय आणि ही बाटली काय, दोन्हींचा खप एकाच इच्छेवर झाला: बाळाने गप्प राहावं.

तिसरी गोष्ट डब्याची. 1867 साली स्वित्झर्लंडमध्ये हेन्री नेस्ले यांनी दूध आणि पिठापासून बाळांसाठी अन्न तयार केलं. शंभर वर्षांत अशी पावडर जगभर पोहोचली, गरीब देशांतही. तिथे डबा महाग म्हणून तो पुरवून वापरला जायचा, म्हणजे पावडर कमी, पाणी जास्त. आणि ते पाणीही विहिरीचं, नदीचं. 1974 साली ब्रिटनमध्ये यावर पुस्तिका निघाली, 1977 साली अमेरिकेत नेस्लेवर बहिष्कार सुरू झाला आणि 1981 साली जागतिक आरोग्य सभेने डब्याच्या दुधाच्या विक्रीसाठी आचारसंहिता मंजूर केली. 118 देश बाजूने, विरोधात एकटी अमेरिका.

भारताने 1992 साली त्यावर स्वतःचा कायदा केला आणि 2003 साली तो आणखी कडक केला. बाळाचं डब्याचं दूध आणि दुधाची बाटली यांची जाहिरात करायची नाही, मोफत नमुने वाटायचे नाहीत. पुढच्या वेळी मेडिकलमध्ये गेलात तर डबा नीट बघा. त्यावर गुटगुटीत बाळाचा किंवा आईचा फोटो नसतो. तो छापायला कायद्याने बंदी आहे.

याचा अर्थ डबा म्हणजे विष असा नाही. आई आजारी असेल, दूध खरंच पुरत नसेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने, उकळलेल्या पाण्यात, डब्यावरच्या मापाने दिलेलं हेच दूध बाळाला वाढवतं. अशा आईला टोमणे मारायचा हक्क कुणालाच नाही. याच विचारातून डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी 1989 साली मुंबईच्या सायन रुग्णालयात आईच्या दुधाची पेढी सुरू केली, आशियातली पहिली. एका आईचं दूध दुसरीच्या अशक्त बाळाला.

सहा महिन्यांनंतर काय, तेही सांगून टाकतो. आईचं दूध चालूच. सोबत उकळून गार केलेलं पाणी, वाटी-चमच्याने, बाटलीने नाही. नुसतं वरणाचं पाणी नको, त्याने पोट भरतं पण अंगाला काही लागत नाही. घट्ट वरण-भात कुस्करून द्या. गाई-म्हशीचं वरचं दूध मुख्य पेय म्हणून वर्षानंतरच, कारण त्यात लोह फार कमी. फळाचा रस नको, फळ कुस्करून द्या. आणि बशीतला चहा कौतुकानेसुद्धा नको. तो अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही.

आता थोडं गणित. 2017 पासून प्रसूती रजा 26 आठवड्यांची झाली. 26 गुणिले 7 म्हणजे 182 दिवस, बरोबर सहा महिने. पुण्यात माझ्यासारखीच आयटीत असलेली माझी बहीण तेवढे दिवस घरी राहू शकली. बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत कामाच्या वेळेत दूध पाजायला दोन सुट्ट्या मिळण्याचाही हक्क कायद्यात आहे.

सेनगावात खुरपायला जाणाऱ्या माझ्या वहिनीला यातलं काही लागू नाही. सोयाबीनचं तण 182 दिवस थांबत नाही आणि ज्या दिवशी कामाला गेली नाही, त्या दिवसाची मजुरी नाही. मातृवंदना योजनेतून पहिल्या बाळासाठी 5,000 रुपये मिळतात. ते 182 दिवसांवर वाटले तर दिवसाला साडेसत्तावीस रुपये होतात. मराठवाड्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या आईचं बाळ तर फडाच्या कडेला साडीच्या झोळीतच मोठं होतं.

म्हणून बाळाला काय पाजावं, हा प्रश्न मला आता फक्त बाळाच्या आहाराचा वाटत नाही. आजीचं पाणी, बाळागोळी, ग्राइप वॉटर, पातळ केलेली पावडर, यातली बरीचशी पेयं तेव्हाच आली जेव्हा आईला बाळाजवळ बसायला वेळ नव्हता. आशाताई आईला सहा महिन्यांचा नियम सांगते, आणि तो बरोबरच आहे. पण तो पाळायला लागणारे सहा महिने आईला कोण देणार, हे 1928 साली विचारलं गेलं होतं. कारखाना आणि ऑफिसापुरतं त्याचं उत्तर मिळालं. शेताच्या बांधावर ते अजून पोहोचायचं आहे.