युनिट
युनिट : आणखी तुकडे न पाडता मोजला जाणारा एक नग किंवा एक माप. इंग्रजीत हा शब्द जॉन डी यांनी १५७० मध्ये, युक्लिडच्या इंग्रजी भाषांतराला लिहिलेल्या प्रस्तावनेत, ग्रीक ‘मोनास’साठी वापरला. मराठी परिभाषेत एकक. शाळेच्या वहीतल्या एकक-दशक-शतकातले तेच. घरात मात्र युनिट म्हणजे विजेचे: हजार वॅटचा पाणी तापवायचा रॉड तासभर लावला की एक युनिट.

सिडनीच्या पश्चिमेकडील ब्लॅकटाउनमध्ये राहायला गेलेल्या मराठी कुटुंबाच्या तोंडी हाच शब्द राहत्या फ्लॅटसाठी येतो. पत्त्यातल्या ५/१२ मध्ये ५ हा युनिटचा आणि १२ हा रस्त्यावरचा क्रमांक. तो अपूर्णांक नव्हे, आणि दिवाळीचा फराळ पाठवणाऱ्याने ती तिरपी रेघ जपून काढावी. न्यू साउथ वेल्सने १९६१ च्या कायद्याने अशा प्रत्येक घराला स्वतंत्र मालकीपत्र दिले. आपल्या सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या भाग-दाखल्याहून ही व्यवस्था वेगळी आणि, मालकाच्या दृष्टीने, अधिक स्पष्ट आहे. घर नवरा-बायको दोघांच्या नावे असले तरी तिथल्या घरमालकांच्या सभेत मत एकच. सामाईक देखभालीचा खर्च मात्र घरांच्या संख्येने समान वाटला जात नाही. प्रत्येक घराला ‘युनिट एंटायटलमेंट’ नेमून दिलेले असते, त्या प्रमाणात वर्गणी भरावी लागते.