फी माफीची चिठ्ठी

नववीत असताना आमचा खो-खोचा संघ जिल्हा पातळीवर पोचला. प्रवासाचे आणि टी-शर्टचे पैसे ज्याचे त्याने आणायचे होते. "ज्यांना जमत नसेल त्यांनी घरून चिठ्ठी आणा, बघू काहीतरी," असं सर सगळ्यांसमोर म्हणाले. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. मी चिठ्ठी नेली नाही. गुडघा दुखतोय असं सांगितलं आणि घरी या विषयाबद्दल अवाक्षर काढलं नाही.

पुढे इंजिनिअर झालो, नोकरीला लागलो. मध्यंतरी अमेरिकेतल्या शालेय खेळांच्या खर्चाबद्दल वाचताना कॅलिफोर्नियातला एक जुना खटला हाती लागला आणि तो न दुखणारा गुडघा आठवला.

गोष्ट सुरू होते जून १९७८ मध्ये. घरांच्या किमतींबरोबर मालमत्ता करही वाढत होता. वैतागलेल्या मतदारांनी 'प्रपोझिशन १३' मंजूर केलं. कर नोंदलेल्या किमतीच्या १ टक्क्यावर आला. घर विकलं जाईपर्यंत ती किंमतही वर्षाला २ टक्क्यांहून जास्त वाढवायची नाही, असं ठरलं. घरमालक खूश झाले. पण शाळांचा बराचसा खर्च याच करातून भागत होता.

सँटा बार्बराच्या हायस्कूल डिस्ट्रिक्टची पटसंख्या घटत होती, महागाई होतीच, त्यात हा कर आटला. १९८० मध्ये तिथल्या बोर्डाने बजेटमधून ११ लाख डॉलर कापले आणि फी लावली. प्रत्येक खेळाच्या संघासाठी २५ डॉलर. नाटक, गायन, वाद्यवृंद यांचे प्रत्येकी २५ वेगळे. गरजू मुलांना फी माफ.

बार्बरा हार्टझेल या दोन मुलांच्या आईने याविरुद्ध दावा लावला. बोर्डाचं म्हणणं साधं होतं: खेळ म्हणजे काही गणित नव्हे, तो ऐच्छिक आहे, पैसे नाहीत, आणि गरिबाला आम्ही अडवतच नाही. खालच्या कोर्टाने बोर्डाच्या बाजूने निकाल दिला.

एप्रिल १९८४ मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने तो फिरवला. राज्यघटनेत १८७९ पासून मोफत शाळेची हमी आहे. खेळ, संगीत, नाटक हा शिक्षणाचाच भाग आहे, म्हणून तोही मोफत. पैशांची अडचण हे हमी मोडायचं कारण होऊ शकत नाही. आणि माफीची सोय? तिनेही फी वैध ठरत नाही, कारण माफी देताना मुलावर 'गरजू' असा शिक्का बसतो. कोर्टाने इथे थॅडियस स्टीव्हन्सची आठवण काढली. गरिबांपुरती मोफत शाळा म्हणजे गरिबांवर डाग देणं, असं त्याने १८३५ मध्येच पेनसिल्व्हेनियाच्या विधिमंडळात बजावलं होतं.

निकालाने तिजोरी मात्र भरली नाही. फी या ना त्या नावाने चालूच राहिली. २०१० मध्ये नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या 'एसीएलयू'ने पुन्हा खटला भरला आणि २०१२ मध्ये बंदीचा वेगळा कायदा करावा लागला. ऐच्छिक देणग्यांना आजही मुभा आहे. म्हणजे जिथले पालक श्रीमंत, तिथल्या संघाला देणगीही जास्त मिळणार.

तेव्हा खेळाचा खर्च कुणी तरी भरतोच. प्रश्न एवढाच, की तो सगळ्यांनी मिळून करातून भरायचा, की तेरा-चौदा वर्षांच्या पोराने सगळ्यांसमोर हात वर करून. बोर्डाच्या हिशेबात माफी मागणाऱ्याची नोंद होते. न मागताच बाजूला झालेल्याची कुठेच होत नाही.

आमचा संघ त्या वर्षी माझ्याशिवाय खेळला. माझ्या जागी बदली खेळाडू गेला. सरांच्या वहीत माझ्या नावापुढे 'दुखापत' असं लिहिलं होतं.