एकवीस मिलिमीटरचा अर्धा इंच

ल्योनमधल्या त्या हार्डवेअरच्या दुकानात अर्धा इंच कुठेच नव्हता. पितळी निपल, सॉकेट, एल्बो, सगळं नीट खणांत लावलेलं, आणि प्रत्येक खणावर आकड्यांची जोडी: 12/17, 15/21, 20/27, 26/34. भाचीच्या घरी शॉवरचा होज नटापाशी गळत होता. मी तो सोडवला, आतले आटे बोटानं चाचपले आणि म्हटलं, हा तर आपला अर्धा इंची. "मामा, इथे इंच नाही चालत. सगळं मिलिमीटरमध्ये असतं," भाची म्हणाली. होज मी बरोबरच नेला होता. 15/21च्या खणातला निपल उचलून त्याच्या नटात फिरवला. दोन बोटांनी, जोर न लावता, शेवटपर्यंत गेला.

नळकाम करणाऱ्याला युरोपात नवलाई खूप दिसते. भिंतीला टांगलेले गरम पाण्याचे रेडिएटर, आटे न पाडता मशीनने दाबून बसवलेले तांब्याचे जोड, भिंतीवरच्या मिक्सरच्या दोन तोंडांत सगळीकडे तेच 150 मिलिमीटर अंतर. त्या अंतरात थोडा फरक पडला तर सांभाळून घ्यायला वाकडे जोडही तयार मिळतात. जर्मनीत तर आटे भरायला आजही तागासारखा धागा आणि त्यावर लेप वापरणारे कारागीर आहेत. आपल्याकडे टेफ्लॉन टेप येण्यापूर्वी सफेदा आणि धागा लावायचे, तेच काम. पण मला धरून ठेवलं ते त्या खणावरच्या 15/21ने.

फ्रेंचांनी तिथे दोन्ही मापं लिहून टाकली आहेत: नळीची पोकळी 15, बाहेरचा व्यास 21. आपण मात्र 'अर्धा इंची' म्हणतो आणि अर्धा इंच म्हणजे 12.7 मिलिमीटर. अर्धा इंची जीआय पाईपला आतून, बाहेरून, हवं तिथे व्हर्निअर लावा, 12.7 सापडणार नाही. बाहेरचा व्यास 21.3 भरतो. निळ्या पट्ट्याचा बी क्लास असेल तर पोकळी साधारण 16, लाल पट्ट्याचा सी क्लास असेल तर 15च्या आसपास. धंद्यात नवा आलेला पोरगा तुटक्या नळाच्या आट्यांना फूटपट्टी लावतो आणि दुकानातून हमखास पाऊण इंची घेऊन येतो. त्याचं काही चुकलेलं नसतं. त्याने मोजलं ते बरोबरच, फक्त त्या मापाचं नाव दोनशे वर्षांपूर्वी दुसऱ्याच गोष्टीवरून पडलेलं आहे.

या आट्यांचा जन्म पाण्यासाठी झालेला नाही, गॅससाठी झाला आहे. 1792 साली विल्यम मर्डॉक याने कॉर्नवॉलमधल्या रेड्रुथ गावी दगडी कोळशाच्या गॅसवर आपलं घर उजळलं. 1812 साली लंडनच्या गॅस लाईट अँड कोक कंपनीला सनद मिळाली आणि शहरभर दिवे पेटवायचं ठरलं. रस्त्याखाली बिडाचे मोठे नळ टाकता येत होते. अडचण घरातल्या बारीक नळीची होती. गॅस गळता कामा नये, नळी भिंतीवरून वळवता आली पाहिजे आणि ती स्वस्तात हजारो फूट मिळाली पाहिजे. अशी नळी तेव्हा लोहार घडवायचे: लोखंडाची पट्टी सळईभोवती गुंडाळायची, तापवायची, ठोकायची, आणि असं वीत वीत पुढे सरकायचं. नेपोलियनशी चाललेली युद्धं 1815 साली संपली तेव्हा बंदुकांच्या नळ्यांचे ढीग उरले होते. त्या एकापुढे एक आट्यांनी जोडून गॅससाठी वापरल्या गेल्या. इंग्रजीत बंदुकीच्या नळीला बॅरल म्हणतात, आणि तिथल्या गॅसवाल्यांच्या बोलण्यात लोखंडी पाईपलाही बॅरल हाच शब्द राहिला. पुण्यात आपण दुकानदाराकडे बॅरल निपल मागतो.

खरा बदल झाला तो बर्मिंगहॅमजवळच्या वेन्सबरी गावात. कॉर्नेलियस व्हाइटहाउस याने 1825 साली एक पेटंट घेतलं आणि ते त्याच गावच्या जेम्स रसेलच्या कारखान्याने वापरलं. लांब पट्टी वळवून तिच्या दोन कडा समोरासमोर आणायच्या, भट्टीत ती पांढरीफटक होईपर्यंत तापवायची आणि घंटेच्या आकाराच्या तोंडातून ओढून काढायची. ओढताना कडा एकमेकींवर दाबल्या जातात आणि जुळतात. ना हातोडा, ना आत सळई. त्या कामाजवळ उभं राहायला मिळालं असतं तर मी जेवणखाण विसरलो असतो.

तर त्या काळी अर्धा इंची नळी म्हणजे अर्धा इंच पोकळीची नळी. गॅसवाल्याला तेवढंच हवं असे, कारण दिव्याला गॅस किती पोचणार हे पोकळीवर ठरतं. घडीव लोखंडाची भिंत जाड ठेवावी लागे, म्हणून बाहेरचा व्यास थेट 21पर्यंत गेला. आटे पाडायचे ते बाहेरून. पुढे लोखंड सुधारलं, पोलाद आलं, भिंत पातळ केली तरी नळी दाब सोसू लागली. आता पातळ करायची तर आतून, कारण बाहेरचा व्यास बदलला की घराघरांत बसलेले सगळे सॉकेट आणि एल्बो निकामी होणार. म्हणून बाहेरचं माप तसंच राहिलं, आत पोकळी मोठी झाली आणि नाव मात्र पहिल्या पोकळीचंच टिकलं.

आट्यांचा आकार ठरवला तो मँचेस्टरच्या जोसेफ व्हिटवर्थ याने. तोवर प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे, एका ठिकाणचा बोल्ट दुसऱ्या ठिकाणच्या नटात जाईल याचा नेम नाही. व्हिटवर्थने देशभरच्या कारखान्यांतले स्क्रू गोळा केले, मोजले, त्यांची सरासरी काढली आणि 1841 साली आपली पद्धत लंडनच्या इंजिनिअरांपुढे मांडली. आट्यांच्या दोन बाजूंमधला कोन 55 अंश, शेंडा आणि तळ किंचित गोलसर. मला त्या माणसाबद्दल आदर आहे तो एवढ्यासाठी की त्याने लोक आधीपासून जे करत होते त्याचा मध्य शोधला. अर्धा इंची बोल्टला त्याने इंचाला 12 आटे दिले. पाईपची भिंत पातळ, तिथे इतके खोल आटे पाडले तर ती कापलीच जाईल, म्हणून अर्धा आणि पाऊण इंची पाईपला इंचाला 14 आटे रूढ झाले आणि एक इंच व त्यापुढे 11. आपल्याकडच्या डाय आजही याच हिशोबाने आटे पाडतात.

गॅसचा धंदा तोवर समुद्र ओलांडून गेला होता. लंडनमध्ये 1824 साली इंपीरियल कॉन्टिनेंटल गॅस असोसिएशन ही कंपनी निघाली आणि दोनच वर्षांत बर्लिनच्या उंटर डेन लिंडेन रस्त्यावर तिचे दिवे पेटले. पुढे नळ्यांचे आटेही इंग्लंडचेच रुळले. फ्रेंच त्यांना 'पा द्यू गाझ' म्हणतात, इटालियन कारागीरही 'गाझ'चे आटे म्हणतात, आणि आंतरराष्ट्रीय मानकात या मापाआधी जी हे अक्षर येतं. घरातलं पाणी तेव्हा शिशाच्या नळीतून येई आणि शिशाला झाळकाम लागतं, आटे लागत नाहीत. साधी लोखंडी नळी पाण्याने गंजते. 1837 साली स्तानिस्लास सोरेल याने फ्रान्समध्ये लोखंडाला जस्ताचा मुलामा देण्याचं पेटंट घेतलं. अशा मुलाम्यामुळेच गॅसची नळी पाण्याच्या कामी येऊ शकली. तोच आपला जीआय. सोरेलचं नाव आपल्या धंद्यात कुणी घेत नाही याचं मला वाईट वाटतं.

आता प्रश्न असा की ज्या फ्रान्सने मीटर जन्माला घातला आणि 1840पासून सक्तीचा केला, तिथे या आट्यांत इंग्रजी इंच कसा टिकला? जर्मनीने 1872 साली मीटर स्वीकारला, आपणही 1956 साली कायदा केला. बोल्ट बदलले, फूटपट्ट्या बदलल्या, पण पाईपचे आटे हलले नाहीत. माझ्या मते याचं कारण दुरुस्तीत आहे. बोल्ट आणि नट एकत्रच बदलता येतात. नळ बदलताना मात्र एक टोक नवं असतं आणि दुसरं भिंतीत गाडलेलं, कुणाच्या तरी आजोबांच्या काळचं. नवं माप आणायचं तर शहरातली प्रत्येक भिंत फोडावी लागेल. फ्रेंचांनी शहाणपणाने आट्यांना हात लावला नाही, फक्त खणावर मिलिमीटर लिहिले.

अमेरिकेचा मार्ग वेगळा. तिथे 60 अंशांचे आटे रुजले. फसगत अशी की अर्धा आणि पाऊण इंचात त्यांचेही इंचाला 14च. त्यामुळे अमेरिकी बनावटीच्या मशीनचा जोड आपल्या सॉकेटमध्ये सुरुवातीला छान फिरतो, मग अडतो. जोर लावून घट्ट केला तर आटे खातो, आणि टेप कितीही गुंडाळा, गळत राहतो. अशा जोडावर पाना चालवण्याआधी दोन बोटांनी फिरवून पाहावं. आपल्याच घराण्याचे आटे असतील तर हाताला कळतं.

पुण्यातल्या नव्या इमारतींत आता जीआय जवळजवळ दिसत नाही. त्याजागी सीपीव्हीसी आला आणि त्याचा अर्धा इंची पाईप बाहेरून 15.9 मिलिमीटरचा, कारण त्याची मापं तांब्याच्या नळीवरून घेतलेली. ल्योनला भाचीच्या भिंतीत 16 मिलिमीटरचा प्लॅस्टिक-ॲल्युमिनियमचा पाईप आहे. दोन्हीकडे नळापाशी पोचल्यावर पितळी एल्बोच लावावा लागतो, आणि त्याच्या तोंडाला इंचाला 14 आटे, 55 अंशांचे. आंतरराष्ट्रीय मानकाच्या तक्त्यात त्यांचा बाहेरचा व्यास 20.955 मिलिमीटर आणि दोन आट्यांमधलं अंतर 1.814 मिलिमीटर छापलेलं असतं. ओळीच्या सुरुवातीला नुसता ½ असतो. पुढे इंचाची खूण नाही, कारण मानकाच्या लेखी ते आता माप नाही, त्या आट्यांचं नाव आहे.